ठेवलेला ओरखडा

नारायणरावांच्या वखारीत मोटार आली तेव्हा पार कुळगीपासून माणसं ती बघायला चालत आली होती. त्या काळी जोयड्यात चाक म्हटलं की बैलगाडीचं, नाहीतर जंगलातून सागाचे ओंडके ओढून आणणाऱ्या गाड्यांचं. ही गाडी बैलाविना चालते एवढंच नवल नव्हतं. तिचं अंग बघण्यासारखं होतं. काळपट हिरवा रंग, इतका खोल की दारासमोर उभं राहिल्यावर आपण विहिरीत वाकून बघतोय असं वाटावं. त्या हिरव्यावरून नखापेक्षा बारीक अशी एक पिवळी रेघ गेली होती, कुणा रंगाऱ्यानं श्वास धरून ओढलेली.

नारायणराव मूळचे खानापूरकडचे. लाकडाचा व्यापार, चार माणसांत वजन आणि आवाज मोठा. पण मोटारीजवळ गेले की तो आवाज पाळण्याजवळ गेल्यासारखा उतरायचा. तिच्यावर फणसाचं पान पडलं तर स्वतः उचलायचे. पाहुण्याला आत बसवण्याआधी पाय झटकायला लावायचे. ड्रायव्हर अर्जुन सकाळी मोटार धुवायचा तेव्हा राव तोंडात दातवण धरून शेजारी उभे असायचे. "सावकाश रे. लोण्याला हात लावालास असं समज."

आणि हीच मोटार केशरनं खंडेनवमीसाठी काथ्यानं घासली.

केशर कुंभारवाडा या गावची. तिचा नवरा म्हादू वखारीत ओंडके रचायचा, ती झाडलोट आणि भांडी बघायची. तिनं घासलेल्या हंड्यात बघून कुंकू लावता येईल, असं वखारीतल्या बायका म्हणायच्या, आणि केशरला ते ऐकायला आवडायचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अर्जुन सणाला नंदगडला गेला. रावही सुप्याला निघाले होते. निघता निघता अंगणातूनच ओरडले, "केशर, उद्या पूजा आहे. वखारीतलं झाडून सगळं लोखंड लखलखलं पाहिजे बघ!"

तिनं कुऱ्हाडी घासल्या, करवती घासल्या, साखळदंड घासले. मग मोटारीपुढे उभी राहिली. हेही लोखंडच की. पुढचे दिवे तर चक्क पितळेचे. तिनं चुलीतली राख घेतली, चिंचेचा गोळा घेतला, नारळाचा काथ्या घेतला आणि हंडा घासतात तशी मोटार घासली. गोल गोल, जोर लावून, अगदी मनापासून. वर चार घागरी पाणी ओतलं तेव्हा मोटार अशी चमकली, की केशर दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी राव सुप्याहून परतले, ऊन अंगणात उतरलं आणि खरं काय ते दिसलं. झेंडूच्या माळेखाली सबंध मोटारीवर कोळ्यानं जाळं विणावं तसे ओरखडे होते. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ. विहिरीसारखा खोल रंग ताक सांडल्यासारखा पांढुरका झाला होता.

"कुणी केलं हे?" राव गरजले. पूजेला जमलेली माणसं जागीच थांबली.

"मी," केशर म्हणाली.

"भांडं आहे काय हे? आँ? तुझ्या घरचा हंडा आहे?"

"तुमी लोखंड म्हणाला, धनी. म्या लोखंडागत घासलं. चूक माजी हाय. पर माज्या हातानं झालंय ते माज्याच हातानं—"

"हात!" राव कडाडले. "तुझ्या हाताचं नाव काढू नको. मोटारीच्या दहा पावलांत दिसलीस तर म्हादूसकट बाहेर घालवीन."

त्यांनी त्याच दिवशी बेळगावच्या रंगाऱ्याला पत्र टाकलं. आठवड्याने उत्तर आलं, की सगळा रंग खरवडून काढून नव्यानं थर द्यावे लागतील, दोन-अडीच महिने तरी जातील, दिवाळीच्या पाडव्यानंतर माणूस पाठवतो. राव पत्र वाचून मोटारीच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना तो रंग नको होता नव्यानं. त्यांना तोच हवा होता.

केशरचं दुखणं वेगळं होतं. राव तिच्यावर ओरडत होते तेव्हा अंगणात तिचा चुलतभाऊ नागू ओंडक्यांची गाडी घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते कुंभारवाड्यात पोचलं.

कुंभारवाड्याच्या देवाची एक लाकडी पालखी आहे. जत्रेआधी ती घासून, रोगण उजळून तयार करायची, हा केशरच्या माहेरचा मान. तिचा बाप विठ्ठल ते काम करायचा. त्याला मुलगा नव्हता. त्यानं केशरला लहानपणापासून शेजारी बसवून हात शिकवला होता, आणि तो गेल्यावर सात वर्षं तीच पालखी उजळत होती. नागूला ते सात वर्षं सलत होतं.

"मोटार वरबाडली तिनं, काथ्यानं!" तो गावचा मुख्य, बुधवंत कान्हू, याच्या अंगणात बसून म्हणाला. "आता द्येवाची पालखीबी काथ्यानं घासंल. मान आमच्या घराकडं द्या, अप्पा."

कान्हू बुधवंत उतावळा माणूस नव्हता. त्यानं निरोप धाडला : हात बिघडला असेल तर मान थांबतो. पाडवा झाला की येऊन बघतो, मग काय ते ठरवू.

निरोप ऐकून म्हादू म्हणाला, "जाऊ दे की गं. औंदा नागू करंल. पुढल्या वर्साला बगू."

"एकदा ग्येला की मान परत येतो व्हय?" केशर म्हणाली. "आणि माजा हात बिगाडला न्हाई. माजी नजर चुकली."

कुठे चुकली ते मात्र तिला अजून कळलं नव्हतं. ते तिला दवानं दाखवलं.

कोजागिरी नुकतीच झाली होती. पहाटे अंगण झाडताना ती मोटारीपासून मोजून अकरा पावलांवर थांबली. दहाच्या आत जायचं नव्हतं, अकरावर उभं राहायला कुणी मना केलं नव्हतं. मोटारीवर दाट दव पडलं होतं, आणि दवाखाली मोटार धड होती. काळपट हिरवी, विहिरीसारखी. जाळं नाहीच. ऊन वर आलं, दव वाळत गेलं, तसतसं जाळं पुन्हा उमटत गेलं, एकेक वर्तुळ.

केशरनं खराटा खाली ठेवला. बाप पालखीजवळ बसून सांगायचा ते तिला ऐकू आल्यासारखं झालं. "पाणी लाव आन् बग. वल्यात जो वरखडा दिसत न्हाई, तो निस्त्या रोगणात हाय. त्यो आपल्या हातात हाय. वल्यातबी दिसला, तर लाकडापत्तूर ग्येलाय म्हणून समज."

मोटारीचं अंग लोखंडाचं असेल, पण वर रंग, रंगावर रोगण. काथ्या लोखंडाला लागलाच नव्हता. ही भांड्याच्या जातीची वस्तू नव्हतीच, पालखीच्या जातीची होती!

ती सरळ दहा पावलं ओलांडून गेली. पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन मोटारीच्या दाराजवळ उभी राहिली आणि हाक मारली, "धनी, भायेर या."

राव बाहेर आले ते लाल होऊनच. "तुला सांगितलं होतं—"

"सांगितलं व्हतं. घालवा मग. आधी ह्ये बगा." तिनं दारावर पाण्याची धार सोडली. जाळं पुसून गेल्यासारखं नाहीसं झालं. पाणी ओघळून गेलं, जाळं परत आलं. केशरनं पुन्हा धार सोडली. पुन्हा गेलं.

"जखम कातडीला हाय, धनी. मासाला न्हाई. बेळगावचा माणूस सगळी कातडी सोलणार. त्यो यायच्या आत मला येक दार द्या. बिगाडलं तर मीच बोचकं बांदून निगते, तुमास्नी बोलायचं कारण न्हाई."

नंदगडाहून परतलेला अर्जुन मागं उभा राहून ऐकत होता. तो हसला. "व्हार्निश आहे ते, अक्का. विलायती. शेण सारवल्यासारखं सारवून जमत नाही."

"तुज्या व्हार्निशला ऊन लागलं की काय व्हतं ते विलायतेला माहीत नसंल, मला माहीत हाय. आमच्या द्येवाचं रोगण किती पावसाळं टिकलंय, इचार कुणालाबी."

राव दाराकडे बघत होते. तांब्यातलं राहिलेलं पाणी त्यांनी स्वतः घेतलं, दारावर ओतलं, वाळेपर्यंत बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मागचं डावं दार. तेवढंच."

"आनि हितंच करणार. अंगनात. जितं मला बोलला तितं. शेडात न्हाई."

राव तसेच आत वळले. ते तिनं होकार म्हणून घेतलं.

तिला लागणारं सामान जोयड्याच्या दुकानात मिळणारं नव्हतं आणि तिला दुकानाची गरजही नव्हती. तिनं भाताचं तूस जाळून पांढरी राख केली. ही राख म्हणजेच गेल्या वेळची वैरीण. फरक इतकाच, की तेव्हा ती चुलीतून थेट काढली होती. आता केशरनं ती पाण्याच्या मडक्यात ढवळली. खडा, कण, जे काही जड, ते तळाला बसेपर्यंत थांबली. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या मडक्यात ओतलं, आणखी थांबली, मग तिसऱ्यात. तिसऱ्या मडक्याच्या तळाशी रात्रभरात जे बसलं ते साईसारखं होतं. त्यातलं चिमूटभर तिनं दातांखाली धरलं. कचकच लागली नाही. लागली असती तर तिनं सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून धरलं असतं. बापानं तिला एकदा सलग चार दिवस तसं करायला लावलं होतं, न रागावता.

रानातून खरवतीची पानं आणली. ही पानं मांजराच्या जिभेसारखी खरखरीत असतात. ताजं पान लाकूड खातं. तिनं ती भिजत घातली, मऊ होऊन त्यांची धार मरेपर्यंत.

काम सुरू करायला ती खाली बसली तेव्हा अर्जुन पुढं आला. "बांगड्या काढ की, अक्का. पुन्हा जाळं विणायचं आहे काय?"

"बांगड्या मी मेल्यावर निघतील," केशर म्हणाली. तिनं जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, त्यात सावरीचा कापूस भरला आणि दोन्ही मनगटांना कोपरापर्यंत गच्च गुंडाळल्या. "आता तुज्या कमरंच्या पट्ट्याचं बोल. त्यो पितळंचा आकडा घिऊन वाकलास म्हंजी? चार दिवसांमागं मडगाडावर येक आडवी रेघ काडलीस ती म्या बगितलीय."

वखारीतली माणसं खदखदून हसली. अर्जुननं पोटावर हात ठेवला, आणि जरा वेळानं कुणाचं लक्ष नाही असं बघून पट्टा काढून खुंटीला टांगला.

मऊ फडकं पाण्यात भिजवून त्यावर ती राखेची साय बोटभर घ्यायची आणि दाराच्या लांबीनं, एकाच दिशेनं, हात ओढायचा. गोल नाही. जोर मनगटाचा नाही, खांद्याचाही नाही. हाताचं जे काय वजन असेल तेवढंच. चार हात ओढले की पाण्यानं धुवायचं आणि उन्हात बघायचं. पुन्हा चार हात. जिथं ओरखडा नखाला जाणवत होता तिथं आधी भिजलेलं पान, दोनदा, फार तर तीनदा, मग परत साय. पिवळ्या रेघेजवळ आली की ती फडक्याचं टोक करंगळीवर गुंडाळायची आणि तिचा श्वास आपोआप थांबायचा, त्या रंगाऱ्याचा थांबला असेल तसा.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दार आणखी पांढुरकं दिसू लागलं. "झालं," अर्जुन म्हणाला. राव ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. दोनदा उतरून जवळ आले, दोनदा परत गेले. केशरनं मान वर केली नाही. तिला ठाऊक होतं, मधे एकदा असं होतंच. त्या वेळी जो घाबरतो तो जोर लावतो, आणि जो जोर लावतो तो रंगापर्यंत जातो.

तिसऱ्या दिवशी दारात फणसाचं झाड दिसलं. नुसती सावली नव्हे, एकेक पान. राव खाली वाकले, तर त्यांची मिशी दिसली, मिशीतला पिकलेला केससुद्धा. ते उठले तेव्हा आवाज पाळण्याजवळचा झाला होता.

"सगळी कर," ते म्हणाले.

केशरची दिवाळी त्या मोटारीजवळच गेली. म्हादूनं घरची चूल सांभाळली. अर्जुन पाणी आणून देऊ लागला, मग न सांगता फडकी धुऊ लागला, मग एके दिवशी त्यानं टर्पेंटाईनची बाटली आणून तिच्यापुढं ठेवली. "मेण लावणार ना शेवटी? ह्यात पातळ कर. तेलात केलंस तर धूळ बसते." केशरनं वास घेतला, नाक मुरडलं, पण रानातल्या पोळ्याचं मेण त्यातच विरघळवलं. सांगणारा बरोबर सांगत होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी एकच ओरखडा राहिला. पुढच्या मडगार्डवर, वाटाण्याच्या शेंगेएवढा. राखेतला एखादा खडा काथ्यात अडकला असणार. पाणी ओतलं तरी तो दिसत होता. नख फिरवलं की टक् करून अडकत होतं.

"हा राहिला," राव म्हणाले.

"व्हय."

"मग काढ की."

"न्हाई."

राव तिच्याकडे बघतच राहिले. काम सुरू झाल्यापासून त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. "केशर, सगळी मोटार आरशासारखी झाली आणि हा एक डोळ्यात खुपतोय. दोन हात मार, जाईल."

"जाईल. त्येच्या संगं हिरवा रंगबी जाईल आन् खालचं लोखंड दिसंल. मग बेळगावच्या माणसाला बोलवायला लागंल. म्या काढणार न्हाई, आन् दुसऱ्या कुनाला काढू देणार न्हाई."

"मोटार माझी आहे."

"मोटार तुमची. हात माजा. पालखीच्या मागल्या दांड्यावर असाच येक हाय, माज्या बानं ठेवलेला. मी ल्हान असताना त्येला धा येळा इचारलं, ह्यो का काढत न्हाईस? त्यो म्हणायचा, असू दे. आता कळतंय मला का ते." ती उठली आणि फडकं खांद्यावर टाकलं. "घालवायचं तर घालवा, धनी. ह्यो राहणार."

राव पाय आपटत आत गेले. रात्री कंदील घेऊन बाहेर आले, मडगार्डवर पाणी ओतलं, नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. कंदील घेऊन परत गेले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कान्हू बुधवंत आला. पांढरं घोंगडं, हातात काठी. मागे नागू. बुधवंतानं मोटारीभोवती एक फेरी मारली, सावकाश, देवळाला मारावी तशी. त्याच्याबरोबर त्याचं प्रतिबिंबही फिरलं. नागू मात्र वाकून वाकून बघत होता, आणि पुढच्या मडगार्डजवळ तो ओरडला, "ह्यो! ह्यो बगा अप्पा! म्हणाली व्हती ना सगळं नीट करीन? ह्यो राहिलाय!"

"राहिला न्हाई," केशर म्हणाली. "ठेवलाय."

"जमलं न्हाई म्हणून ठेवला! द्या ते फडकं हिकडं, आत्ता काढून दावतो!" त्यानं मडक्यावरचं फडकं ओढलं, राखेच्या सायीत बुडवलं आणि मडगार्डवर हात टाकला.

तो हात तिथं पोचलाच नाही. नारायणरावांनी त्याचं मनगट हवेतच धरलं होतं.

"हात लावशील तर बघ," राव म्हणाले. "त्याच्या खाली रंग राहिलेला नाही. ती नाही म्हणाली म्हणजे नाही."

अर्जुन खाली बघून हसत होता. केशर हसली नाही. तिनं नागूच्या मुठीतून फडकं सोडवून घेतलं, धुतलं, पिळलं आणि वाळत टाकलं.

कान्हू बुधवंत पुढं झाला. त्यानं त्या ओरखड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. टक् झालं. त्याच्या डोळ्यांपुढं पालखीचा मागचा दांडा आला असावा, कारण केशरच्या बापाबरोबर त्यानं ती पालखी खांद्यावर वाहिली होती, आणि त्याच जागी त्याचा अंगठा वर्षानुवर्षं टेकला होता.

"नागू," तो म्हणाला, "गाडी जुंप. जायचं." मग केशरकडे वळला. "जत्रेला वीस दिस हाईत, पोरी. तुला पालखी घ्यायची असंल तर—"

"असंल तर न्हवं, अप्पा," केशर म्हणाली. "पानं म्या कालच भिजत घातल्यात."